अजरखपूरहून आणलेली गज्जी सिल्कची अजरख साडी : दीड वर्ष नेसल्यानंतरचा रिव्ह्यू

साडी घेतल्या घेतल्या रिव्ह्यू लिहायचा नाही असं मी तेव्हाच ठरवलं होतं. नवी साडी सगळ्यांनाच छान वाटते, पाच-सहा वेळा नेसून, घामाची होऊन, धुऊन, परत इस्त्री करून कपाटात ठेवली की तिचं खरं काय ते कळतं. ही अजरख साडी (अजरख म्हणजे कच्छमधे लाकडी ठशांनी हाताने छापतात ते निळं-लाल नक्षीचं कापड) मी आत्तापर्यंत नऊ वेळा नेसलीय आणि दोनदा घरी धुतलीय. त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आधी एक जुनी गोष्ट सांगते कारण तिच्याशिवाय ही खरेदी झालीच नसती. २०२२ च्या दिवाळीत मी ऑनलाइन एका पेजवरून "प्युअर सिल्क अजरख, हँडब्लॉक" अशी साडी ३,२०० रुपयांना घेतली. फोटोत रंग अप्रतिम, गडद निळा आणि विटकरी लाल, मी खूश. फॉल-पिकोला दिली तर आमच्या इथल्या त्या ताईंनी कापड दोन बोटांत चुरगाळलं आणि म्हणाल्या, "ताई, हे सिल्क नाहीये हो, कितीला घेतलंत?" घरी येऊन मी काठाचा एक धागा ओढून काडीने पेटवला. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरली जाते, याचा धागा वितळून काळी कडक गोळी झाली. म्हणजे निव्वळ पॉलिएस्टर. मग साडी पलंगावर पसरून नीट बघितली तर एका फुलाची पाकळी तुटलेली होती, आणि तीच तुटलेली पाकळी दर वीतभर अंतरावर, अगदी पट्टीने मोजल्यासारखी, शेवटपर्यंत. हाताने छापलेलंही नव्हतं. पैसे परत मागितले तर "सेलची वस्तू परत घेत नाही" एवढंच उत्तर आलं आणि नंतर मला ब्लॉक केलं.

३,२०० रुपये गेल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटलं की अजरख म्हणजे काय हे मला कळतच नव्हतं आणि तरी मी ते नाव बघून पैसे दिले होते. तेव्हाच ठरवलं, पुढची अजरख घ्यायची तर जिथे बनते तिथे जाऊन, डोळ्यांनी बघून.

जानेवारी २०२४ मधे रणोत्सवाचा प्लॅन निघाला तेव्हा घरच्यांना मी एकच अट घातली, भुजला एक पूर्ण दिवस माझा. संध्याकाळी बोरिवलीहून कच्छ एक्सप्रेस पकडली, सकाळी भुज. तिथून अजरखपूर रिक्षाने अर्ध्या तासाचा रस्ता. गाव म्हणावं तर गाव आहे पण फार जुनं नाही, २००१ च्या २६ जानेवारीच्या भूकंपानंतर वसलेलं. त्याआधी ही अजरख छापणारी मंडळी धमडका नावाच्या गावात होती. भूकंपात घरं तर पडलीच, पण जमिनीखालचं पाणीही बदललं, त्यात लोखंडाचं प्रमाण वाढलं आणि विहिरींना पाणी कमी झालं. आता आपल्याला वाटेल पाण्यात थोडं लोखंड असलं तर काय एवढं, पण या छपाईत सगळा खेळच पाण्याचा आहे. लोखंड मिसळलं की लाल रंग मळकट होतो, तपकिरीकडे जातो. म्हणून चांगल्या पाण्याची जागा शोधून खत्री समाजातल्या बऱ्याच कुटुंबांनी नवीन गाव वसवलं आणि त्याला आपल्या कामाचंच नाव दिलं. काही कुटुंबं धमडक्यातच राहिली, तिथेही काम चालतं. पाण्यासाठी अख्खं गाव उठून दुसरीकडे जातं आणि गावाचं नाव कापडावरून ठेवतं, हे ऐकल्यावर मी त्या गावात जरा वेगळ्या नजरेने फिरले.

मी ज्या वर्कशॉपमधून साडी घेतली त्याचं नाव इथे देत नाही, छोटं घरगुती आहे, वडील, दोन मुलं आणि चार-पाच कारागीर. गावात अशी बरीच वर्कशॉप्स आहेत, शोरूम असलेलीही आहेत. कुठल्याही अंगणात डोकावलं तरी लोक "आवो बेन" म्हणून आत बोलावतात आणि चहा देतात.

आता मुख्य गोष्ट. मी आत गेले, दहा-बारा साड्या काढून दाखवल्या, त्यातल्या एका साडीवर माझा हात थांबला, लोण्यासारखं मऊ कापड, पडणंही छान, चमक हलकी. किंमत ४,२००. मी म्हटलं "ये सिल्क बहुत अच्छा है." तर वर्कशॉपवाले भाई लगेच म्हणाले, "बेन, ये सिल्क नहीं है. सब लोग मोडाल सिल्क बोलते हैं, पर ये लकडी से बनता है." मी विचारलंही नव्हतं! घ्यायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतःहून सांगितलं. मग त्यांनी समजावलं की मोडाल म्हणजे बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा, रेयॉनच्या कुटुंबातला. कापड वाईट मुळीच नाही, रंग सुंदर पकडतं, उन्हाळ्यात अंगाला छान लागतं, रोज ऑफिसला नेसायला तर उत्तमच. फक्त त्यात रेशीम नाही, किड्याने काढलेला एकही धागा नाही. आणि आपल्याकडे दादरपासून डोंबिवलीपर्यंत कितीतरी दुकानांत "अजरख सिल्क" म्हणून जे विकतात ते हेच असतं, मी त्यानंतर बऱ्याच ठिकाणी मुद्दाम विचारलं, "हे प्युअर सिल्क आहे का मोडाल?" की दुकानदार एक क्षण थांबतो आणि मग म्हणतो "मोडाल सिल्कच म्हणतात मॅडम याला."

हा रिव्ह्यू मी मुख्य याचसाठी लिहितेय. मोडाल घ्या, जरूर घ्या, मी माझ्या बहिणीसाठी तीच ४,२०० वाली घेतली आणि ती खूश आहे. पण मोडालच्या भावात घ्या, रेशमाच्या भावात नाही. मुंबईत एका एक्झिबिशनमधे मी तसलीच मोडाल साडी "सिल्क अजरख" या पाटीखाली साडेनऊ हजाराला बघितली. हे चुकीचं आहे. घेणाऱ्याची फसवणूक आहेच, पण खरं रेशीम छापणाऱ्याचंही नुकसान आहे, कारण मग लोक त्याला म्हणतात "तुमच्याकडे एवढं महाग का, तिकडे तर स्वस्त मिळतं."

मग मी म्हटलं मला खरं रेशीम दाखवा. त्यांनी आतून एक गाठोडं आणलं. गज्जी सिल्क. गुजरातेत हे कापड जुनं आहे, बांधणी यावर फार करतात. विण साटीनची असते म्हणजे वरच्या बाजूला धागे लांब लांब मोकळे पडतात, त्यामुळे समोरून तुळतुळीत चमक आणि मागून जरा मंद. वजन असतं त्याला. निऱ्या घातल्या की खाली पडतात त्या पडतातच, फुगत नाहीत. आपली पैठणी जशी अंगावर आपला आकार घेऊन उभी राहते तसं हे नाही, हे कापड अंगावरून वाहतं. त्या गाठोड्यातल्या तयार साड्यांमधे मला हवा तो रंग नव्हता, म्हणून ऑर्डर दिली. निळं अंग, लाल पदर, काठाला काळ्या-पांढऱ्या बारीक जाळीची नक्षी. किंमत १६,५०० ब्लाऊजपीससकट, अर्धे आधी दिले, मार्चच्या मध्यापर्यंत देतो म्हणाले.

त्यानंतर पुढचे तीन तास मी तिथून हलले नाही. मिस्टर आणि मुलगा बाहेर कंटाळून शेवटी जवळच्या एलएलडीसीला गेले (ते म्युझियमही बघण्यासारखं आहे, भरतकामाचं, २०१६ ला सुरू झालं, वेळ काढून जाच) आणि मी छपाईच्या टेबलाशी उभी.

एक मुलगा छापत होता, वय असेल बावीस-तेवीस. समोर लांब टेबल, त्यावर गोधडीसारखे थर, त्यावर कापड ताणून बसवलेलं. बाजूला ट्रे, ट्रेमधे रंगाची पेस्ट आणि तिच्यावर जाड कापडाची गादी, म्हणजे ठशाला पेस्ट बेताची लागावी. तो ठसा गादीवर दोनदा हलकेच टेकवायचा, एकदा सरळ, एकदा किंचित फिरवून. मग कापडावर ठेवायचा, ठेवताना डोळा फक्त एका कोपऱ्यावर, जिथे आधीच्या ठशाचा बारीक ठिपका पडलेला असतो तिथे नवीन ठशाचा कोपरा बसवायचा. आणि मग मनगटाजवळच्या तळव्याने वरून ठोका, ठक्. उचलला की पुढचा. हे सगळं तीन-चार सेकंदात. ठसा सागवानी लाकडाचा, गांधीनगरजवळच्या पेथापूरला कोरलेला, तिथले ठसे कोरणारे प्रसिद्धच आहेत. मला हातात धरायला दिला तर जड होता, आणि त्याला आरपार भोकं होती. मला वाटलं किडा लागलाय. तर ती मुद्दाम पाडलेली असतात, ठोका मारल्यावर अडकलेली हवा निघून जावी म्हणून, नाहीतर नक्षीच्या मधे फुगा राहतो. एका नक्षीला असा एक ठसा पुरत नाही, बाहेरच्या रेषेचा वेगळा, काळ्याचा वेगळा, लालाचा वेगळा.

आणि गंमत म्हणजे तो ज्या पेस्टने छापत होता ती रंगच नव्हती. ती तुरटी होती. मला हे कळायला फार वेळ लागला, म्हणून नीट लिहिते. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून काढतात, ते पिवळट होतं. माझं माहेर जुन्नरकडचं, आमच्याकडे डोंगरातले आदिवासी लोक हिरडा गोळा करून विकतात, लहानपणी पोट दुखलं की आजी बाळहिरडा उगाळून द्यायची. तोच हिरडा! त्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात पोतं उघडं होतं आणि मला वासावरूनच ओळखू आलं. तर हिरड्याने कापडाला तुरटपणा दिला की मग जिथे काळं हवं तिथे लोखंडाचं पाणी छापायचं. गंजकं लोखंडी भंगार, गूळ आणि बेसन पाण्यात घालून बरेच दिवस आंबवत ठेवतात, त्यात चिंचोक्याचं पीठ शिजवून घट्ट करतात. हे कापडावर टेकलं की हिरड्याशी मिळून डोळ्यादेखत काळं होतं. आणि जिथे लाल हवं तिथे तुरटी छापायची. तुरटी दिसत नाही, म्हणून छापणाऱ्याला कळावं यासाठी त्यात थोडा गेरू मिसळतात, तो पुढे धुऊन जातो. लाल रंग येतो तो शेवटी, अख्खं कापड तांब्याच्या मोठ्या हंड्यात लाल रंगाच्या पाण्यात उकळतात तेव्हा. जिथे तुरटी तिथेच रंग धरतो, बाकीचा निघून जातो. म्हणजे त्या मुलाने तिथे उभं राहून जे छापलं ते त्याला स्वतःला अनेक दिवसांनी दिसणार होतं. आणि जिथे पांढरं राहायला हवं तिथे सगळ्यात आधीच चुना आणि डिंकाची पेस्ट छापलेली असते, तिथे काहीच चढत नाही.

निळा रंग तर याहून वेगळाच. लाल-काळी नक्षी झाकायला तिच्यावर माती, डिंक वगैरेचा लेप छापतात, वर लाकडाचा भुसा भुरभुरवतात म्हणजे ओला लेप एकमेकांना चिकटत नाही, मग नीळेच्या हौदात बुडवतात. कापड बाहेर येतं ते हिरवं! आणि हवा लागली की बघता बघता निळं होत जातं. मी तो हिरव्याचा निळा होतानाचा व्हिडिओ काढलाय, आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवते. मधे मधे धुणं, वाळवणं, परत धुणं. असे सगळे मिळून चौदा ते सोळा टप्पे. कापड रेशमाचं असेल तर जास्त काळजी, कारण सुती कापडाला सुरुवातीला सोडा, एरंडेल आणि उंटाची लीद लावून जे तयार करतात तसा खार रेशमाला सोसत नाही. अजरख या नावाबद्दल तिथले लोक सांगतात "आज के दिन रख", आज राहू दे, उद्या बघू. अभ्यासक म्हणतात की अरबी भाषेत निळ्याला अझरक म्हणतात त्यावरून आलं. मला तिथे तीन तास उभं राहिल्यावर दोन्ही खरं वाटलं.

आणखी एक. मी विचारलं, सगळं नॅचरल डाय का? पुन्हा सरळ उत्तर. निळा झाडाच्या नीळेचा, पिवळा डाळिंबाच्या सालीचा, काळा तर मी बघितलाच. लालाला मात्र ते अलिझारिन वापरतात, पावडर, कारखान्यात बनलेली. मंजिष्ठाच्या कुळातल्या मुळांमधे जो लाल रंग असतो तोच, पण मुळातून न काढलेला. निव्वळ मुळांचा लाल हवा असेल तर तसंही करून देतात, किंमत वाढते आणि लाल जरा मऊ येतो. मी अलिझारिनचाच घेतला. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, पण "१००% नॅचरल" असं लेबल लावून कोणी विकत असेल तर लाल कशाचा हे जरूर विचारा. मधल्या काळात धमडक्यात बरेच जण केमिकल रंगांकडे वळले होते, १९७० च्या दशकात मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी नैसर्गिक रंगांचं काम परत उभं केलं आणि मुलांना शिकवलं, त्यातल्याच इस्माईल मोहम्मद खत्रींना पुढे इंग्लंडच्या डी माँटफोर्ट युनिव्हर्सिटीने मानद डॉक्टरेट दिली. आज गावात जे चाललंय ते त्यांच्या मेहनतीवर उभं आहे हे तिथला प्रत्येक जण सांगतो.

आता तक्रारी, कारण आहेत.

साडी वेळेवर आली नाही. मार्चच्या मध्याची वेळ होती, हातात पडली एप्रिलच्या शेवटी. आधी सांगितलं थंडीमुळे नीळेचा हौद सुस्त आहे, रंग चढत नाहीये. मग रमजान आला, रोजे ठेवून हंड्यापाशी दिवसभर उभं राहणं कठीण, काम अर्ध्यावर. हे मला समजतं आणि मान्य आहे, पण रमजान कधी आहे हे जानेवारीत माहीतच होतं ना, तेव्हाच एप्रिल सांगितलं असतं तर मी भाचीच्या साखरपुड्याला हीच नेसायची अशी मनाची तयारी केली नसती. मधे मी फोन केला की ते व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचे, एक फोटो तर असा आला की पिवळट मळकं कापड, त्यावर काळ्या रेघा, मी घाबरले, म्हटलं हीच का माझी साडी? तेव्हा लाल आणि निळा व्हायचा होता. त्याच एप्रिलमधे कच्छी अजरखला जीआय टॅग (म्हणजे ही त्या भागाचीच खास वस्तू अशी सरकारी नोंद) मिळाल्याची बातमी आली, मी त्यांना अभिनंदनाचा मेसेज केला तर उत्तरात साडीचा निळा झालेला फोटो आला. राग तिथेच निम्मा गेला.

ब्लाऊजपीस जेमतेम ऐंशी सेंटीमीटरचा. कोपरापर्यंत बाही हवी असेल तर विसरा. ऑर्डर देताना मीटरभर सांगून घ्या, माझं राहून गेलं.

पहिल्या दोन-तीन वेळा नेसल्यावर निळा रंग घासून लागतो. माझ्या फिक्या परकराला निळसर झाक आली ती आलीच. रंग कच्चा आहे असा याचा अर्थ नाही, नीळ धाग्याच्या वर बसते, जादाची असते ती आधी झडते. आता अजिबात लागत नाही. पण सुरुवातीला गडद परकर घाला आणि पांढऱ्या सोफ्यावर बसू नका.

गज्जीचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे धागा ओढला जातो. साटीनची विण, लांब मोकळे धागे, त्यात बांगडीचं टोक किंवा अंगठीचा खडा अडकला की सर्रकन ओढ बसते. माझ्या साडीला कमरेशी दोन ठिकाणी आहे. लहान मूल कडेवर घेणार असाल तर ही साडी त्या दिवशी नको. मोडालला हा त्रास खूप कमी आहे, बहिणीची साडी अजून नवीसारखी आहे.

आणि लिंबू! हे कोणी सांगत नाही. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकूंनी वरणभातावर लिंबू पिळलं आणि एक थेंब माझ्या पदराच्या काळ्या नक्षीवर उडाला. मी पटकन पाणी लावलं, तरी दोन मिनिटांत तिथला काळा रंग उतरून पिवळट तपकिरी डाग झाला. मसुरीच्या डाळीएवढा आहे, मला दिसतो, बाकी कोणाला दिसत नाही. भाईंना फोन केला तर म्हणाले, काळा लोखंडाचा आहे ना, आंबट लागलं की लोखंड सुटतं. म्हणजे लिंबू, चिंच, सोलकढी, सगळ्यापासून पदर सांभाळायचा. एवढं लोखंड आणि हिरड्याचं मला तिथे समजावलं, मग हेही तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मी त्यांना बोललेही.

धुण्याचं म्हणाल तर मी ड्रायक्लीनला देत नाही. थंड पाणी, रिठ्याचं पाणी, भिजत न ठेवता दोन मिनिटांत काढायची, पिळायची नाही, टॉवेलमधे गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत वाळत घालायची. नेहमीची डिटर्जंट पावडर अजिबात नको. पहिल्या धुण्यात पाणी निळं झालं, दुसऱ्यांदा अगदी थोडं. लाल जराही सुटला नाही. आणि खरं सांगते, दोन धुण्यांनंतर साडी आधीपेक्षा छान दिसते, निळ्याचा कडकपणा गेला आणि लाल उठून आला.

ओळखायचं कसं हे मला खूप जणींनी विचारलंय. माझा अनुभव असा की उलट बाजू बघा, हाताच्या छपाईत रंग मागे उतरलेला असतो. जुन्या पद्धतीत तर दोन्ही बाजूंनी छापायचे, त्याला बिपुरी म्हणतात, ती आता कमी मिळते. मग ठशांचे जोड शोधा. कुठे रेघ किंचित एकावर एक चढलेली, कुठे केसभर फट, आणि प्रत्येक जोड वेगळा. ठशाचा कोपरा झिजला असेल तर तो दोष हाताच्या छपाईतही परत परत येतो, त्यामुळे नुसता दोष रिपीट होतोय म्हणून खोटं समजू नका, जोडाचं अंतर बदलतंय का ते बघा. माझ्या जुन्या साडीत दोषही तोच आणि अंतरही तेच होतं. रेशमासाठी धागा जाळून बघणं सगळ्यात सोपं, काठाच्या आतल्या टोकाचा एक धागा कोणताही प्रामाणिक दुकानदार देतो. मोडाल जळताना कागद जळल्यासारखा वास येतो, गोळी होत नाही, म्हणून "बघा वितळलं नाही म्हणजे सिल्क" असं कोणी म्हणालं तर फसू नका, वास घ्या. सिल्क मार्कचं होलोग्राम लेबल असेल तर चांगलंच, ते केंद्रीय रेशीम मंडळाच्या अखत्यारीतल्या संस्थेचं असतं, पण ते फक्त धागा रेशमाचा आहे एवढंच सांगतं, छपाई हाताची की स्क्रीनची हे त्यावरून कळत नाही. आणि छोट्या वर्कशॉपकडे ते लेबल नसतंही, माझ्या साडीला नाही.

माझ्याकडे बागची, म्हणजे मध्य प्रदेशातल्या बाग गावच्या ठशांच्या छपाईची, एक साडी आहे, माहेश्वरी कापडावर छापलेली, आईने इंदूरहून आणलेली. तुलना करायची तर बाग प्रिंट पांढऱ्या अंगावर लाल-काळी, मोकळी, हवेशीर, दुपारच्या कार्यक्रमाला ती जास्त शोभते आणि वजनाला काहीच नाही. अजरखमधे जागा मोकळी सोडतच नाहीत, सगळीकडे नक्षी, त्यामुळे संध्याकाळच्या दिव्यात ती खुलते. गज्जीवर तर आणखीच, कारण कापड हललं की चमक एका नक्षीवरून दुसऱ्या नक्षीवर सरकते. पैसे एकाच साडीचे असतील आणि नेहमी नेसायची असेल तर मी बागची माहेश्वरी घ्या म्हणेन.

१६,५०० जास्त आहेत का? मी स्वतः हिशोब केला. त्यातलं गज्जीचं कापडच महाग, मग अडीच-तीन महिने ते कापड चार-पाच लोकांच्या हाताखालून गेलंय, प्रत्येक इंचावर कमीत कमी तीन ठसे पडलेत. साडेपाच मीटरवर किती वेळा ठक् झालं असेल हे मी मोजायला गेले आणि पदरावरच सोडून दिलं. मला किंमत योग्य वाटते. परत घेईन का, तर हो, पण पुढची टसर सिल्कवर घेणार, टसरला धागा ओढला जायचा त्रास कमी आणि लालाला त्यावर जरा मातकट उब येते, त्यांच्याकडे एक तुकडा बघितला होता.

जाणार असाल तर थंडीत जा, पावसाळ्यात कापड वाळत नाही त्यामुळे काम कमी दिसतं. रमजानमधे ऑर्डर देऊ नका. सकाळी दहाच्या आत पोचा, तेव्हा धुतलेलं कापड उन्हात पसरलेलं असतं, पूर्ण मोकळं रान लाल-निळं. आणि नुसतं शोरूमला जाऊन परत येऊ नका, मागच्या अंगणात हंडा पेटलेला असतो, "बघू का?" म्हणून विचारलं की नाही कोणी म्हणत नाही.

भाचीचं लग्न या डिसेंबरला आहे. साखरपुड्याला राहिली ती साडी तेव्हा नेसणार आहे, फॉल सुटला होता तो कालच परत लावून आणला. फॉल लावणाऱ्या त्या ताईंनी या वेळी कापड चुरगाळून बघितलं नाही, टेबलावरची कात्री आधी बाजूला सरकवली, हात पुसले आणि मग घडी उलगडली.